नोकरी सोडायची की नाही? राजीनाम्याआधी लाल पेन घ्या

गोव्यात प्राथमिक शाळा दुपारी एकच्या आसपास सुटते आणि कचेरी साडेपाच-सहाला. लहान मूल असलेल्या बऱ्याच घरांत खरी अडचण या मधल्या पाच तासांची असते, राजीनामा मात्र आख्ख्या नोकरीचा दिला जातो. म्हणून पैशांचा हिशेब, सासूबाईंचं मत, साहेबांशी बोलणं हे सगळं नंतर. मुलापाशी नेमके किती तास कोणीच नसतं, ते आधी मोजा.

आठवडा कागदावर उतरवा

वहीचं पान आडवं धरा. सोमवार ते रविवार सात रकाने आखा आणि सकाळी सहा ते रात्री नऊ अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी पाडा. प्रत्येक चौकोनात मुलाकडे बघणाऱ्या माणसाचं नाव घाला. "घरात कोण असतं" ते लिहू नका, "हात कोणाचा मोकळा असतो" ते लिहा. आजी दिवसभर घरात असतात खऱ्या, पण अकरा ते एक त्या स्वयंपाकघरात असतात आणि दोन ते चार त्यांचा डोळा लागतो. रांगणाऱ्या बाळासाठी ते चारही तास रिकामेच. प्रवासही धरा. फोंड्याहून वेर्ण्याला किंवा डिचोलीहून पणजीला जाणाऱ्याचं घड्याळ घराच्या दारापासून सुरू होतं, ऑफिसच्या पंचिंगपासून नाही. पावसाळ्यात त्यात आणखी वीस मिनिटं घाला.

ज्या चौकोनात नाव नाही, त्यावर लाल पेन फिरवा. चौकोन मोजून दोनने भागले की आठवड्याचे रिकामे तास मिळतात.

असं एक पान पुरत नाही, तीन करा: आजचं, मूल तीन वर्षांचं होईल तेव्हाचं आणि सहा वर्षांचं होईल तेव्हाचं. तान्ह्या बाळाचे लाल तास सहज पंचेचाळीस-पन्नासवर जातात. बालवाडीने सकाळचे तीनेक तास मिटतात, पण सोडायला-आणायला माणूस लागतो, त्यामुळे हाती पडतात दोनच. पहिलीत गेलं की सकाळ सुटते आणि दुपार उघडी पडते: पाच दिवसांचे पाच-पाच, म्हणजे पंचवीस तास. इथेच अनेकांची फसगत होते. पाळणाघराच्या जोरावर पहिली तीन वर्षं निभावलेली आई मूल पहिलीत गेल्यावर राजीनामा देते, कारण बालरथ (शाळेची बस) मुलाला नाक्यावर सोडतो आणि तिथून घरी न्यायला कोणी नसतं. खरं तर तिला तेव्हा एक ते सहा सांभाळणारं, भरवशाचं, पगारी माणूस हवं असतं, आणि त्याचा शोध आधीच्या मे महिन्यात सुरू व्हायला हवा.

सुट्ट्या वेगळ्या लिहा: मे महिना, चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी, नाताळ. तापाचे दिवसही. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलासाठी जून ते सप्टेंबर महिन्याला दोन-तीन दिवस आजारपणाचे धरून चाला आणि दोघांच्या शिल्लक रजा त्यांच्यासमोर मांडा. ताप आलेलं मूल पाळणाघर घेत नाही, आणि तेच बरोबर आहे.

आता आकडा बघा. पंधरा तासांच्या आत असेल तर कामाची वेळ अर्धा-एक तास मागेपुढे करून आणि नवऱ्याने दोन दिवस उचलून भागतं. पंधरा ते तीस असेल तर पगारी मदत किंवा अर्धवेळ काम. चाळीसच्या वर गेला आणि पुढच्या दोन पानांवरही उतरत नसेल, तर दोघांपैकी एकाने घरी थांबणं हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. मूल आजारी असेल, त्याला खास लक्ष लागत असेल किंवा दोघांच्याही पाळ्या रात्रीच्या असतील, तर तासांपलीकडेही बघावं लागतं.

"दोघांपैकी एकाने" म्हटलंय ते मुद्दाम. कोण थांबणार हे तास आणि पगार मोजून ठरू द्या. नवऱ्याची हॉटेलातली नोकरी हंगामी असेल आणि बायकोची सरकारी कायम, तर उत्तर पानावरच दिसतं.

पगार वजा पाळणाघर: चुकणारा हिशेब

घरोघरी हिशेब असा मांडला जातो: तिच्या पगारातून पाळणाघर, पेट्रोल, कामवाली वजा करा, उरतं किती बघा. यात दोन चुका आहेत. पाळणाघर दोघांच्या मुलासाठी असतं, मग वजाबाकी एकाच्याच पगारातून का? आणि पगार म्हणजे फक्त हातात पडणारी रक्कम नव्हे.

वेर्ण्यातल्या कंपनीतलं एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. हातात ३४,००० रुपये, मूळ पगार १८,०००. पीएफसाठी तिच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे २,१६० कापले जातात. तितकेच कंपनी घालते (त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात). ग्रॅच्युइटी (पाच वर्षं भरल्यावर सोडताना मिळणारी रक्कम) दर वर्षाला महिन्याच्या मूळ पगाराच्या १५/२६, म्हणजे साधारण १०,३८५, महिन्याला ८६५. मिळून खरी कमाई ३९,१८५.

आता नोकरीमुळे होणारा खर्च. पाळणाघर ६,०००. रोज ५० किलोमीटर, २४ दिवस, ४५ चं मायलेज आणि लिटरला शंभर धरले तर पेट्रोल २,६७०. सर्व्हिसिंग-टायर ५००. चहा-नाश्ता १,०००. वरकामाची बाई ३,०००. कपडे, वर्गण्या, केक ५००. एकूण १३,६७०.

३४,००० मधून हे वजा केले की २०,३३० उरतात, आणि "वीस हजारांसाठी एवढी धावपळ?" असं कोणीतरी म्हणतंच. ३९,१८५ मधून वजा केले तर २५,५१५. नोकरी सोडली की घर दरमहा गमावणार ते हा दुसरा आकडा, वर्षाला तीन लाखांच्या वर. पाच वर्षांत पीएफ-पेन्शनमध्ये न गेलेली रक्कमच २,५९,२०० होते, व्याज वेगळं. शिवाय वर्षाला सात टक्के वाढ धरली तर पाच वर्षांनी तिचा मूळ पगार २५,००० च्या पुढे असता. परतताना तो १८,००० पासून सुरू झाला तर पुढची सगळी वर्षं तो फरक सोबत राहतो.

तुमच्या आकड्यांनी हे गणित उलटंही येऊ शकतं. हातात १५,००० आणि दोन मुलं पाळणाघरात असतील तर शिल्लक हजार-दोन हजारांवर येते. तसं असेल तर तसं. गणित केलेलं असावं, एवढंच.

प्राप्तिकर वाचेल असं धरू नका. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला वार्षिक १२,७५,००० पर्यंत कर बसतच नाही.

सोडण्याआधी मागून बघण्यासारखं

प्रसूती रजेचा नियम माहीत असतो, त्याच्या कडा माहीत नसतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करायला दोघांच्या संमतीने वाव आहे. संमती तोंडी मागितली की "बघू" असं उत्तर येतं. म्हणून लेखी मागा, आणि मुदत घालून मागा:

"माझी प्रसूती रजा १४ ऑगस्टला संपते. त्यानंतर तीन महिने सकाळी ८ ते दुपारी ४ ही वेळ मिळावी. दुपारची सुट्टी मी अर्धा तासच घेईन. दर महिन्याच्या शेवटी कामाचा आढावा घ्यावा आणि अडचण दिसल्यास पुढचा निर्णय तेव्हा करावा."

तीन महिन्यांची मागणी साहेबांना नाकारणं जड जातं. "यापुढे कायमचं" म्हटलं की नाकारणं सोपं. तेही जमलं नाही तर सहा महिने बिनपगारी रजा मागा: नोकरी टिकते आणि घरी राहून बघता येतं.

केंद्र सरकारच्या नोकरीत महिलांना (आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांना) पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते. ती पहिल्या दोन अपत्यांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. ही रजा शिल्लक असताना राजीनामा देणं म्हणजे पैसे टेबलावर विसरून उठणं. राज्य सरकार, महामंडळ किंवा अनुदानित शाळेत असाल तर आपल्याला कोणता रजा नियम लागू आहे, ते आस्थापना शाखेला लेखी विचारा.

आणि वेळ बघून ठरवा. रजेवरून परतल्यावर पहिले दोन महिने वाईटच जातात: झोप नाही, दूध गळतंय, बाळ पाळणाघराच्या दारात रडतंय. त्या दोन महिन्यांत राजीनामा लिहू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो प्रश्न नोकरीचा नसेलही. आधी डॉक्टरांशी बोला. टेली-मानसच्या १४४१६ वर फोन फुकट लागतो.

आजी फुकट नसतात, आणि पाळणाघर दुपारी बघायचं असतं

आजींना विचारताना "आई, तुम्ही बघाल ना?" असं विचारू नका, त्याला "हो"शिवाय उत्तर नसतं. तास सांगा. "सोमवार ते शुक्रवार एक ते पाच, शनिवार-रविवार तुमचे, मे महिन्यात पंधरा दिवस मुंबईच्या ताईंकडे जायचं असेल तर जा." गुडघे, रक्तदाब, भजनाची वेळ हे सगळं धरून. उचलून घ्यावं लागतं अशा वयाच्या बाळामागे दिवसभर आजी एकट्या पुरत नाहीत; सोबत दोन-तीन तासांची मुलगी ठेवा, तिचा पगार हिशेबात घाला.

पाळणाघर सकाळी दहाला सगळीकडे छान दिसतं. दुपारी साडेबाराला, जेवणाच्या वेळी, न कळवता जा. एका बाईच्या वाट्याला तीन-चारपेक्षा जास्त तान्ही बाळं असतील तर दुसरं शोधा. आपल्याकडे बरीच पाळणाघरं जुन्या घरांत चालतात, तेव्हा अंगणातल्या विहिरीला लोखंडी जाळी आणि कुलूप आहे का बघा. गेट आतून लागतं का, वीज गेल्यावर पंखा फिरतो का, पावसात ओल्या दुपट्यांना वास येतो का, हेही. संध्याकाळी उशीर झाला तर किती वाजेपर्यंत थांबतात आणि तासाला किती घेतात, ते पहिल्याच दिवशी विचारा.

सहा महिन्यांची रंगीत तालीम

सोडायचंच ठरत असेल तर आधी सहा महिने एका पगारात जगून बघा. सोडणाऱ्याचा पगार आला की नोकरीमुळे होणारा खर्च तेवढा ठेवून बाकी रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. तालमीत दोन महिने आलेच पाहिजेत: शाळेच्या वह्या, गणवेश आणि रेनकोटचा, आणि चवथीचा. माटोळी (गणपतीवरची फळा-भाज्यांची सजावट), फराळ, पाहुणे, माहेरचं ओझं (भेटीचे जिन्नस), सगळं एका पगारात निभावलं तर पुढचं वर्ष निभेल. खात्याला तीनदा हात लागला तर उत्तर मिळालं.

फ्लॅटचं कर्ज दोघांच्या पगारावर घेतलेलं असेल तर हप्ता उरलेल्या एका पगाराच्या चाळीस टक्क्यांवर जातो का, हे तालीम सुरू करण्याआधीच बघा. जात असेल तर मुदत वाढवायची की थोडं मुद्दल फेडायचं, ते दोन पगार असतानाच बँकेशी बोला. एक पगार झाल्यावर बँक वेगळ्या सुरात बोलते.

तालमीतून जमलेली रक्कम हाच आपत्कालीन निधी. दोन पगारांत सहा महिन्यांचा खर्च पुरे असतो, एका पगारात नऊ ते बारा महिन्यांचा हवा.

निम्मी मालकी कायद्याने, रोजचे पैसे ठरवून

गोव्यातला नागरी कायदा इथे उपयोगी पडतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर या कायद्याखालच्या लग्नात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते: निम्मी-निम्मी, कर्जासकट. घर किंवा जमीन विकायला दोघांची सही लागते. घरी थांबणाऱ्यासाठी हा मोठा आधार आहे. पण तो मालमत्तेचा. महिन्याच्या दहा तारखेला हातात पैसे असण्याचा नव्हे.

म्हणून दर एक तारखेला ठरलेली रक्कम घरी थांबणाऱ्याच्या खात्यात आपोआप जाईल अशी बँकेत सूचना द्या: घरखर्च वेगळा, स्वतःचा खर्च वेगळा, आणि शक्य असेल तर बंद झालेल्या पीएफच्या बदल्यात पीपीएफ किंवा एसआयपी. "माग तेव्हा देतोच की" ही व्यवस्था वर्षभरात दोघांनाही डाचायला लागते.

प्राप्तिकरातही गोव्याचा वेगळा नियम आहे. सामाईक मालमत्तेच्या लग्नात पगार सोडून बाकी उत्पन्न (भाडं, ठेवींचं व्याज, भांडवली नफा, धंद्याचा नफा) दोघांत निम्मं विभागलं जातं. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ होतं. नवऱ्याचं दुकान असेल तर नोकरी सोडलेल्या बायकोच्या नावे निम्मा नफा येतो, आणि तो करमुक्त मर्यादेवर गेला की तिला विवरणपत्र भरावं लागतं. घोळ होतो तो असा: ठेवीवरचा टीडीएस एकाच्याच पॅनवर दिसतो, विभागणीचं परिशिष्ट कोणी भरत नाही, आणि आकडे जुळत नाहीत म्हणून नोटीस येते. सोडण्याच्या वर्षी तरी करसल्लागाराला दोघांची पॅनकार्डं घेऊन भेटा.

गोवा सरकारच्या, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मोजून कोणी नोकरी सोडू नये. नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. त्यात बसत असाल तर मात्र अर्ज जरूर करा.

मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, म्हणजे आधी काढलेला प्रतीक्षाकाळ (काही आजारांना कवच मिळण्याआधी थांबायचा काळ) वाया जात नाही. पण अर्ज पॉलिसी चालू असताना करावा लागतो. नोटीस पिरियड सुरू झाला की एचआरकडून पॉलिसीची प्रत घ्या आणि त्याच आठवड्यात अर्ज करा. दुसरं मूल हवं असेल तर नव्या पॉलिसीत प्रसूतीसाठी किती काळ थांबावं लागतं ते वाचा. तो काळ बहुधा वर्षांत मोजलेला असतो.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याखाली असाल (पगार २१,००० पर्यंत) तर कवच लगेच तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. राजीनाम्याची तारीख यावरून पुढेमागे करता येते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (आरोग्य विमा) योजनेचं कार्ड नसेल तर काढा, असेल तर नूतनीकरण बघा: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख. पण ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरतंच, म्हणून त्याला मेडिक्लेमचा पर्याय समजू नका.

राजीनाम्याची तारीख आणि त्यानंतरचे दोन महिने

पाच वर्षं व्हायला सात-आठ महिने उरले असतील तर थांबा. आधीच्या उदाहरणात पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण ५२,००० होते आणि आधी सोडली तर शून्य. प्रसूती रजेचे २६ आठवडे सलग सेवेतच धरतात, ते कोणी वजा करत असेल तर मान्य करू नका. मुदतीच्या करारावर असलेल्यांना, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी आहे. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. त्याआधी सोडत असाल आणि परतायचा विचार असेल तर रक्कम काढू नका, योजना प्रमाणपत्र घ्या. जुनी सेवा नव्या नोकरीला जोडली जाते.

पीएफही काढू नका. पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो. ठेवलेल्या रकमेवर व्याज मिळत राहतं, मात्र नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं.

शेवटच्या दिवशी हातात हवं: कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचं पत्र (पदनाम आणि तारखांसह), शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, शिल्लक रजेच्या पैशांचा हिशेब. फॉर्म १६ नंतर येतो, तो कोणाकडे मागायचा ते नाव आणि फोन. छोट्या कंपन्या बंद होतात, मालक बदलतात, आणि चार वर्षांनी हेच कागद मिळत नाहीत.

परतीचं दार उघडं ठेवायचं तर नर्सिंग किंवा फार्मसीची नोंदणी मुदतीत नूतन करत राहा. राज्य सरकारच्या बऱ्याच पदांना वयोमर्यादा ४५ आहे, तेव्हा तिशीत घेतलेल्या विश्रांतीने ती वाट बुजत नाही. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास चांगलं, असं जाहिरातीत असतं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड तयार ठेवा.

घरातल्यांशीही एक बोलणी आधीच व्हायला हवी. घरी थांबणाऱ्याचं काम मूल सांभाळणं आहे. वीजबिल, गॅस, पंचायतीतली घरपट्टी, मामांना बांबोळीच्या इस्पितळात नेणं, हे सगळं "ती घरीच असते" म्हणून आपोआप तिच्याकडे सरकतं, आणि सहा महिन्यांत मूल पुन्हा आजींच्या मांडीवर असतं. कोणतं काम कोणाकडे राहील, रात्री कोण उठेल, रविवारची दुपार कोणाची, ते लिहा आणि फ्रिजवर लावा.

शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाका. कंपनीने टाकली नसेल तर ती आपल्याला भरता येते, आणि ती रिकामी राहिली तर पुढच्या नोकरीत खातं हस्तांतरित करताना अडतं. त्याच दिवशी लाल पेनचं पानही बाहेर काढा आणि नव्याने भरा. यावेळी घरी थांबलेल्या माणसाच्या नावाखाली किती चौकोन सलग आलेत तेही मोजा. आठवड्यात एकही दुपार मोकळी नसेल तर ती कोणाकडून मिळवायची ते त्याच पानावर लिहा.